हजेरीचा फोटो

पत्रावर माझं पद होतं ‘इंटर्न, संशोधन आणि संवाद’. म्हणजे सकाळी एक्सेल आणि दुपारी कॅनव्हा. रोजगार हमीच्या मजुरांसाठी भांडणारी छोटी संस्था, 2024 चा उन्हाळा. सोबतच्या दोघांनी पहिल्याच आठवड्यात लिंक्डइनवर ‘तळागाळातला अनुभव’ लिहून टाकला. तोवर आम्ही ऑफिसचा जिनाही उतरलो नव्हतो.

रोजगार हमीचा बहुतेक हिशेब उघड्यावर पडलेला असतो, हे बाहेरच्यांना सांगूनही पटत नाही. सरकारी पोर्टलवर जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत असं उतरत गेलं की थेट मस्टर, म्हणजे कामाचा हजेरीपट, दिसतं. कोणी किती दिवस काम केलं, मजुरी किती झाली, कधी जमा झाली, सगळं. पासवर्ड लागत नाही. तरी पत्रकार आम्हालाच फोन करून ‘काही आकडे आहेत का’ विचारतात.

त्यातला ‘वेळेत मजुरी’चा रकाना मात्र फसवा आहे. तेव्हाच्या कायद्याने मस्टर संपल्यावर 15 दिवसांत मजुरी मिळायला हवी, सोळाव्या दिवसापासून रोज 0.05 टक्के भरपाई. त्या वर्षी महाराष्ट्राचा दर 297 रुपये होता. सहा दिवसांचे 1,782, म्हणजे उशिराची भरपाई दिवसाला 89 पैसे. तीही टळते, कारण पोर्टलचं घड्याळ पैसे खात्यात पोचेपर्यंत चालतच नाही. पैसे सोडण्याच्या आदेशावर, म्हणजे एफटीओवर, तालुक्यात सही झाली की ते थांबतं. पुढे दिल्लीत कितीही दिवस गेले तरी ते कुणाच्या खाती मांडले जात नाहीत. संपूर्ण विलंबाची भरपाई द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली सांगितलं, तरी रकाना तसाच. म्हणून मी माझं वेगळं शीट केलं: मस्टर संपल्याची तारीख, एफटीओची तारीख, जमा झाल्याची तारीख. त्या शीटचा मला अजून अभिमान आहे.

ते पडताळायला पालघर जिल्ह्यातल्या डोंगरातल्या एका गावी गेले. समतल चराचं काम चालू होतं. मस्टरची प्रिंट एका हातात, बायकांची पासबुकं दुसऱ्या हातात. बहुतेकींचं जुळलं. एका आजींचं जुळेना. पासबुकात होळीनंतर एकही नोंद नाही, पोर्टलवर मात्र सगळ्या मस्टरांपुढे ‘जमा’. तेही इतक्या लवकर, की माझ्या शीटमध्ये त्यांचीच ओळ सगळ्यात स्वच्छ होती. गावात योजनेचं काम बघणारा ग्रामरोजगार सेवक म्हणाला, ‘मॅडम, माझ्याकडून क्लिअर आहे.’ त्याचंही खोटं नव्हतं. मजुरीच्या टक्केवारीवर मानधन, तेही थकलेलं, आणि गावाच्या शिव्या खायला पहिला तोच.

तेवढ्यात आमच्या संवाद विभागाच्या ताईंचा फोन आला. ‘आकडे नंतर बघू. मला चेहरा हवाय.’

मी कॅमेरा काढला. कोणी काही न सांगता बायकांनी कुदळी-घमेली खाली ठेवली, पदर सारखे केले आणि भर उन्हात ओळीने उभ्या राहिल्या. ‘काम करता करताच काढते’ म्हटलं, तरी कोणी हलेना. एकीने विचारलं, ‘ताई, दुपारची हजेरी लागली ना?’

1 जानेवारी 2023 पासून हजेरी ॲपवरच लागत होती. मेट, म्हणजे कामावर देखरेख करणारी बाई, दिवसातून दोनदा सगळ्यांचा फोटो काढायची, रेंज शोधत टेकाडावर जाऊन तो चढवायची. फोटो चढला नाही तर काम करूनही गैरहजर. तेव्हा त्यांच्या लेखी फोटो म्हणजे मजुरी, आणि मी ‘लोकांना तुमची अडचण कळावी म्हणून’ वगैरे समजावत होते. आजींनी एवढंच विचारलं, ‘पैसे येतील ना मग?’ मी संमतीपत्र वाचून दाखवायला घेतलं. पुण्यात बसून लिहिलेलं ते मराठी मलाच वाचवेना. माझं वाचून व्हायच्या आत आजींनी अंगठा उठवला होता.

संध्याकाळी त्यांना घेऊन बँकमित्राकडे, म्हणजे गावातच अंगठ्यावर पैसे काढून देणाऱ्या बँकेच्या माणसाकडे, गेले. 1 जानेवारी 2024 पासून मजुरी आधारवर जात होती, म्हणजे आधार शेवटचं ज्या खात्याला जोडलं गेलं असेल तिकडे. आजींनी मागे बाजाराच्या दिवशी सिमकार्ड घेताना अंगठा दिला होता आणि तिथेच त्यांच्या नावावर दुसरं खातं उघडलं गेलं होतं. त्यांना पत्ता नाही. झिजलेल्या बोटांना मशिन नकार देत राहिलं. बँकमित्राने बोटं धुवायला लावली, पुसायला लावली, दुसऱ्या हाताची लावून पाहिली. अखेर लागलं. दुसऱ्या बँकेचं नाव निवडल्याबरोबर शिल्लक दिसली, सगळी मजुरी तिथे पडून होती.

आजींनी नोटा दोनदा मोजल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘फोटो काढलास म्हणून आले.’

मी नाही म्हटलं. आधार, खातं, जोडणी, सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी कामावर गेले तर आणखी चौघी फोटोसाठी उभ्या.

ऑफिसात वेगळंच. ताईंची फोटोखालची ओळ तयार होती: ‘राबली, पण मजुरी मिळाली नाही.’ मी म्हटलं, मिळाली की. ‘मग आपली केस गेली,’ एक जण हळहळला. खऱ्या अर्थाने हळहळला. मी ओळ सुचवली: ‘मजुरी जमा झाली. कुठे?’ ताई म्हणाल्या, ‘अगं, एवढा विचार करायला लोक थांबत नाहीत.’ लोकांच्या बाबतीत त्या क्वचितच चुकतात, आणि मला राग आला तो त्याचाच. मस्टर कोणीही उघडू शकतं, तालुक्याचा अधिकारी ते दहा मिनिटांत आपल्यापुढे धरेल, हे माझं म्हणणं मात्र त्यांनी ऐकलं. शेवटी माझी ओळ आणि फोटोत नुसते पासबुक धरलेले हात, अशी तडजोड झाली. मला ते हात मुळीच आवडत नाहीत. काहीतरी लपवल्यासारखे दिसतात. पण चेहरा छापायला ‘अंगठा आहे ना, मग झालं’ हे कारण मला पुरेना. आजींनी अंगठा कशासाठी दिला, ते त्यांनी मला सरळ सांगितलं होतं.

पैसे निघाले तरी जोडणी जुनीच होती. पुढची मजुरीही तिकडेच जाणार. आधार परत जुन्या खात्याला जोडायचा अर्ज मी शाखेत भरून दिला, पोच घेतली. पाऊस लागला, कामं थांबली, माझी इंटर्नशिप संपली. माझ्या जागी आलेल्या मुलाला अधूनमधून विचारते, आजींच्या खात्याचं काय झालं? तो पोर्टल उघडतो आणि सांगतो, ‘जमा दिसतंय की.’