चॉकलेटं खाऊन होत नाही हो ते, काकू

"एवढीशी पोर आणि शुगर? चॉकलेटंच खात असणार दिवसभर!" लग्नाच्या पंगतीत एक काकू बोलल्या आणि त्या आठ-नऊ वर्षांच्या पोरीने ताटातली जिलबी गपचूप बाजूला सारली.

अहो टाइप वन डायबिटीसमध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारून टाकते, यात चॉकलेट आलं कुठून, पण भर पंगतीत हे कोण ऐकणार.

1999-2000 च्या सुमारास कॅनडात, एडमंटनला दात्यांच्या स्वादुपिंडातल्या आयलेट पेशी (ज्यांत या बीटा पेशी असतात) सात पेशंटच्या यकृतात सोडल्या तर सातही जणांची इन्शुलिनची इंजेक्शनं बंद झाली होती! फक्त प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्या मागे लागल्या, आणि एवढे दाते आणायचे कुठून, म्हणून आता स्टेम सेलपासूनच, म्हणजे ज्यांच्यापासून वेगवेगळ्या पेशी घडवता येतात अशा मूळ पेशींपासून, बीटा पेशी बनवतायत.

आपल्याकडच्या पोरांपर्यंत हे कधी पोचणार, आणि कितीला?