गुडघे नव्हेत ते

सोमवार, रात्री

चवथीला बायका फुगडीला उभ्या राहिल्या आणि आमच्या सासूबाई, माई, दोन फेऱ्यांतच भिंतीला टेकल्या. "गुडघे गो," म्हणाल्या. माई आदोळीवर, नारळ कातायच्या विळीवर, बसल्या की दोन नारळ कातूनच उठतात, कसले गुडघे!

मागच्या पडवीत टॉवेलाखाली जुन्या सुती साडीचे तुकडे वाळत असतात. पावसात वाळत नाहीत, मग पंख्याखाली खुर्चीच्या पाठीवर, वरून परकर. घरात सगळ्यांना दिसतं, विचारत कोणी नाही. मीही नाही. आणि मी स्वतः 52व्या वर्षी शिंक आली की पाय आवळून उभी राहते!

आज दोघीच होतो, विचारलं, लघवी गळते का. आदोळी थांबली नाही. "तीन बाळंतपणं झाली, तीही वयजिणीच्या हातची. बायकांना असतंच ते." मग थोड्या वेळाने, खाली बघूनच, यंदा नैवेद्य मला का रांधायला लावला ते सांगितलं. सोवळं नेसून चुलीपाशी उभं राहायचं आणि खोकला आला तर? मला वाटलेलं, थकल्या असतील.

"डॉक्टरांना सांगायचं की."

"बाबू असतो ना बाजूला."

खरंच. साखर तपासायला हेच नेतात, आत शेजारी बसतात, आणि लघवीचं विचारलं की माईंच्या आधी हेच सांगून मोकळे, "काही त्रास नाही." मुलासमोर कुठली आई बोलेल?

बाहेर जायचं असलं की माई पाणीच तोडतात. पाणी कमी प्यायलं की लघवी दाट होते, मूत्राशय उलट जास्त चिडतं, हे मी सांगितलं. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो ते आवळायचे-सोडायचे, रोज, निदान 3 महिने, हेही सांगितलं. केगेल नावाच्या अमेरिकन डॉक्टराने 1948 सालीच हा व्यायाम मांडलाय. साखरेमुळे आहे की जंतुसंसर्ग, ते मात्र तपासल्याशिवाय कळायचं नाही.

"म्हणजे बसल्या बसल्या फुगडी," माई म्हणाल्या आणि हसताना पटकन गुडघे जुळवले. मी नारळाच्या करवंट्या गोळा करत राहिले.

गुरुवारी बाईडॉक्टरकडे जायचं ठरलंय. आम्ही दोघीच. ह्यांना गुडघे सांगायचं. आता दिवा मालवताना दारातून आवाज आला, "त्या दिवशी सकाळी मला चहा नको हां. बसने जायचंय."