जिम्नीला पन्हळ आहे, थारला पत्रा नाही

मागच्या पावसाळ्यात केळदच्या पुढे मढे घाटाच्या बाजूला धुक्यात आमच्या चार गाड्यांची फाटाफूट झाली, तेव्हापासून रेडिओ हा विषय माझ्या डोक्यात जो बसलाय तो काही उतरत नाही. झालं असं की सगळ्यात पुढे दादाची थार, मध्ये दोन गाड्या आणि शेवटी आमची जिम्नी. एका फाट्यावर दादा डावीकडे वळला, मधल्या दोघांना त्याचे मागचे दिवे दिसले म्हणून तेही वळले, आणि आमचं मागचं चाक नेमकं तेव्हाच चरात उतरलेलं. ते काढून फाट्याशी येईपर्यंत समोर नुसतं पांढरं. मोबाईलला रेंज नाही. वॉकी चौघांकडेही होते, चार्ज केलेले, चॅनल जुळवलेले, सकाळी चहाच्या टपरीवर टेस्टसुद्धा केलेले. मी काच लावून आतून हाका मारतेय आणि पलीकडून एक शब्द नाही. शेवटी नवरा तसाच पावसात खाली उतरला, दरडीवर चार पावलं चढला आणि वॉकी डोक्याच्या वर धरून बटण दाबलं तेव्हा कुठे दादाचा तुटक आवाज आला. घरी येऊन नकाशावर मोजलं तर सरळ रेषेत जेमतेम आठशे मीटर अंतर होतं.

आठशे मीटर! मागे माझी मुलगी बसलेली होती आणि उजव्या बाजूला दरी, त्यामुळे हा प्रसंग मी विसरू शकत नाही.

नंतर कळलं की वॉकी खराब नव्हता, आम्ही तो पत्र्याच्या डब्यात बसून वापरत होतो. गाडी म्हणजे चारी बाजूंनी पत्रा, लहरी बाहेर पडायला फक्त काचा, त्यात हातातल्या सेटची ती बोटभर रबरी अँटेना, आणि बाहेर ओली झाडी आणि मध्ये डोंगराची सोंड. म्हणून ज्यांना गाडीत रेडिओ लावायचाय त्यांना माझं एकच सांगणं आहे, आधी अँटेना कुठे बसणार ते ठरवा, सेट कुठला घ्यायचा ते नंतर बघा. सगळेजण उलटं करतात, सेटचे व्हिडिओ बघतात, पन्नास वॉट की पंचवीस वॉट यावर तासन् तास बोलतात आणि अँटेना मग उरलेल्या पैशात उरलेल्या जागेत. पाच वॉटचे पन्नास केले म्हणजे पॉवर दहापट झाली, पण समोरच्याच्या सिग्नल मीटरवर त्याने दोन घरांचाही फरक पडत नाही. तीच पाच वॉटची पॉवर केबिनमधून काढून टपावरच्या अँटेनाला दिली तर काय होतं ते ज्याने केलंय त्यालाच विचारा.

पण त्याच्याही आधी कायद्याचं, कारण इथे बरेच जण अडकतात. ऑनलाइन जे काळे वॉकी स्वस्तात मिळतात, १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झवाले, ते मिळतात म्हणजे चालतात असं अजिबात नाही. आपल्याकडे लायसन्सशिवाय वापरायला मुख्य रस्ते दोन. एक २७ मेगाहर्ट्झचा सिटिझन बँड, २६.९५७ ते २७.२८३, जास्तीत जास्त ५ वॉट. दुसरा ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा छोटा पट्टा, २०१८ च्या नियमांनी मोकळा झालेला, त्यात कमी पॉवरचे हातातले सेट येतात. आणि लायसन्स लागत नसलं तरी सेटला सरकारी टाइप अप्रूव्हल म्हणजे ईटीए हवंच, २०२५ मध्ये ऑनलाइन विक्रीसाठी जे नियम आले त्यात फ्रीक्वेन्सी आणि हे अप्रूव्हल जाहिरातीत दाखवणं बंधनकारक झालंय, तेवढं बघूनच घ्या. सॅटेलाइट मेसेंजर वगैरे परदेशातून आणायचा विचार असेल तर तो सोडून द्या, परवानगीशिवाय तो आपल्याकडे चालत नाही आणि विमानतळावरच अडवतात.

तिसरा रस्ता हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा. परीक्षा द्यायची, लायसन्स घ्यायचं. वय बारा पूर्ण असलं की देता येते, रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्सची, म्हणजे टिंब-रेषांच्या सांकेतिक भाषेची परीक्षा नाही, फक्त इलेक्ट्रॉनिक्सची थिअरी आणि नियम, जनरल ग्रेडला मोर्स आहे मिनिटाला आठ शब्दांचा. कॉल साइन, म्हणजे रेडिओवर सांगायचं आपलं ओळखचिन्ह, रिस्ट्रिक्टेडला व्हीयू थ्रीने सुरू होतो, जनरलला व्हीयू टूने. मी मढे घाटानंतर अभ्यासाला बसले, मराठी मीडियमची, कॉमर्सची मुलगी, ओमचा नियम चाळिशीत नव्याने शिकले आणि खरंच फार आवडलं. मग माझ्या नादाने दादानेही दिली. परीक्षेपासून लायसन्स हातात पडेपर्यंत महिने जातात हे धरून चाला. आणि लायसन्स माणसाला असतं, गाडीला नाही, त्यामुळे गाडीत सेट आहे म्हणून कुणीही माइक उचलायचा नाही, शिवाय धंद्यासाठी म्हणजे पैसे घेऊन ट्रिप काढत असाल तर त्यासाठी हॅम वापरता येत नाही. गाडीतून वापरण्याबद्दल लायसन्सच्या अटीत काय लिहिलंय ते पण नीट वाचा, मगच स्क्रू ड्रायव्हर हातात घ्या.

सिटिझन बँडचा मी मनापासून विचार केला होता कारण त्याला परीक्षा नाही. अडचण लांबीची आहे. २७ मेगाहर्ट्झला लहर अकरा मीटरची, तिचा पाव भाग म्हणजे पावणेतीन मीटर, एवढी काठी टपावर लावून कारवीच्या रानातून कोण जाणार. म्हणून खाली कॉइल घालून ती मीटर-सव्वा मीटरवर आणतात आणि तिथे ताकद जाते, वर इंजिनाची खरखर या बँडला जास्त ऐकू येते. याउलट १४४ ते १४६ च्या हॅम बँडला, ज्याला टू मीटर म्हणतात, पाव लहर म्हणजे फक्त एकोणपन्नास-पन्नास सेंटिमीटर. साधारण हातभर. हा आकार गाडीला बरोबर जमतो.

आता अँटेनाची जागा. पाव लहरीच्या अँटेनाला खाली पत्रा लागतो, तो पत्रा तिचा दुसरा अर्धा भाग असतो असं समजा. सगळ्यात उत्तम जागा टपाच्या बरोबर मध्यभागी. त्यासाठी टपाला १९ मिलिमीटरचं भोक पाडायचं. आमच्या गॅरेजवाल्या काकांना मी हे सांगितलं तर ते हातातला पाना खाली ठेवून म्हणाले, "ताई, नव्या गाडीच्या टपाला भोक मी पाडणार नाही, पावसाळ्यात गंज चढला तर माझं नाव घ्याल." त्यांचं म्हणणं मला पटलं. मग त्यांनीच दाखवलं की जिम्नीच्या टपाला दोन्ही बाजूंनी पन्हळ आहे, जुन्या जीपसारखी, आणि पन्हळीला क्लॅम्प आवळता येतो. आजकालच्या गाड्यांना ही पन्हळच नसते, त्यामुळे जिम्नीवाल्यांनो तुम्ही नशीबवान आहात. क्लॅम्प आवळताना एक करायचं, स्क्रू जिथे टेकतो तिथला रंग टाचणीच्या डोक्याएवढा खरवडायचा म्हणजे धातूला धातू लागतो, नाहीतर अँटेनाला पत्रा मिळतच नाही, आणि मग त्यावर ग्रीस लावायचं गंज नको म्हणून. अँटेना कडेला आल्यामुळे सिग्नल ज्या बाजूला जास्त पत्रा आहे तिकडे थोडा जास्त जातो, पण घाटात गाडी इतकी वळते की ते जाणवत नाही.

चुंबकवालं बेस सोपं, रंग खरवडायला नको, मी आधी तेच वापरलं. पण खालच्या फांदीने ते दोनदा सरकवलं आणि चुंबकाखाली अडकलेल्या बारीक वाळूने टपावर गोल ओरखडा उठला. डांबरी रस्त्याला ठीक आहे, रानात नको.

दादाच्या थारची गोष्ट वेगळी. त्याची सॉफ्ट टॉप, वर कापड. हार्ड टॉपवाल्या मित्राची बघायला गेलो तर तिचं टप फायबरचं, चुंबक चिकटतच नाही. म्हणजे ज्या गाडीतून सगळ्यात जास्त रानात जायचं तिच्याच डोक्यावर अँटेनाला लागणारा पत्रा नाही. इथे अर्ध्या लहरीची अँटेना कामाला येते, साधारण एक मीटर लांब, तिला खाली पत्रा असला तर उत्तम पण नसला तरी ती चालते. स्टेपनीवर लावूया म्हणून दादा हटून बसला होता कारण दिसते छान, पण तिथे ती खूप खाली राहते आणि पुढच्या बाजूला अख्खी गाडी आडवी येते. शेवटी बोनेटच्या बिजागरीशी ब्रॅकेट लावला, त्यामुळे वरचा भाग टपाच्या वर निघतो. बोनेट बिजागरीवर हलत असतं, त्याचा बॉडीशी संपर्क भरवशाचा नसतो, म्हणून बोनेटपासून बॉडीपर्यंत एक जाड विणलेली अर्थिंगची पट्टी जोडली. आणि सॉफ्ट टॉपवाल्यांनी अजून एक लक्षात ठेवायला हवं, तुमच्या डोक्यात आणि अँटेनात पत्र्याची आड नाही, त्यामुळे पूर्ण पॉवर मारू नका. दादाचा सेट मी दहा वॉटवर ठेवायला लावलाय आणि पोरं गाडीच्या बाहेर अँटेनाजवळ उभी असली तर बोलायचंच नाही हा नियम आहे.

दुकानात गेलात की जास्त गेनची अँटेना घ्या म्हणून मागे लागतात. गेन म्हणजे काय तर पिठाचा गोळा तेवढाच असतो, जास्त थापला की भाकरी रुंद होते आणि पातळ होते. सिग्नल आडवा लांब जातो पण वर आणि खाली कमी. सोलापूरकडे सपाटीवर हे चांगलं. ताम्हिणीत किंवा वरंध्याला पुढची गाडी तुमच्या डोक्यावरच्या वळणावर असते आणि मागची पायाखाली, तिथे जाड छोटी भाकरीच बरी. म्हणून जिम्नीला मी साधी पाव लहरीची स्टीलची लवचिक काडी लावली, फांदी लागली की वाकते आणि परत उभी राहते.

केबल शक्य तितकी छोटी ठेवा. नेहमीची आरजी-५८ टू मीटरला पाच मीटरमध्ये साधारण एक डीबी खाते, म्हणजे पंचवीस वॉटमधले पाच वाटेतच गेले. केबल दारातून घेताना रबराच्या खालून घ्यायची आणि आत शिरायच्या आधी खाली एक झोळ द्यायचा, पाणी त्या झोळावरून ठिपकतं, नाहीतर केबलवरून वाहत थेट सेटमध्ये. दार आपटून केबल चेपली तर बाहेरून काही दिसत नाही पण आत वाट लागलेली असते.

वीज सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून घेऊ नका, त्याचा फ्यूज आणि वायर त्या कामाची नाही. पंचवीस वॉटचा सेट बोलताना सहा-आठ अँपिअर ओढतो. लाल वायर थेट बॅटरीवरून, फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, म्हणजे वायर कुठे घासून पत्र्याला लागली तर आग लागायच्या आधी फ्यूज उडेल. काळी बॅटरीजवळ बॉडीच्या बोल्टला. फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून जाताना रबरी ग्रोमेट हवंच. हे काम मी काकांकडूनच करून घेतलं, समोर उभं राहून.

आणि बसवून झालं की मोजल्याशिवाय बटण दाबायचं नाही. एसडब्ल्यूआर मीटर, म्हणजे अँटेनाकडून किती पॉवर परत येते ते दाखवणारा मीटर, कुणा हॅमकडून मागून आणा, ही मंडळी आनंदाने देतात आणि स्वतःही येतात. दीडच्या खाली असेल तर छान, दोन असेल तर सुमारे अकरा टक्के पॉवर परत येते, चालतं, तीनला पाव भाग परत, तेव्हा थांबा. माझं पहिलं रीडिंग अडीचच्या वर आलं, मी घाबरले, सेट बदलावा लागतो की काय असं वाटलं. निघालं काय, तर क्लॅम्पच्या एका स्क्रूखालचा रंग राहिला होता. खरवडला, १.३. दादाची अँटेना लांब होती, तिला पाच-पाच मिलिमीटर कापत आणलं, एकदम कापायची नाही कारण कापलेली परत जोडता येत नाही.

मधल्या दोन गाड्यांकडे लायसन्स नाही, त्यांच्यासाठी ४४६ चे हातातले सेट घेतले, आमच्या दोघांकडेही एकेक आहे. त्यांची रेंज छोटी, पण मधले लोक मागच्यापुढच्याच्या नजरेतच असतात. सगळ्यात पुढचा आणि सगळ्यात मागचा हॅमवर, बाकी सगळे ४४६ वर, आणि ४४६ वर बोलताना काच खाली.

गेल्या महिन्यात परत तिकडेच गेलो. तोच फाटा, पाऊस तसाच, धुकं मात्र विरळ. मी मुद्दाम फाट्यावर थांबले आणि दादाला पुढे जाऊ दिलं. तो वळणावळणाने खाली उतरत होता, दर दोन मिनिटांनी कॉल साइन सांगून बोलत होता. आठशे मीटर झाले, दीड किलोमीटर झाला, डोंगराची सोंड मध्ये आली तेव्हा आवाजात खरखर आली पण शब्द कळत होते. अडीच किलोमीटरच्या आसपास एकदा तुटला आणि पुढच्या वळणावर परत आला. मुलगी मागच्या सीटवर वही घेऊन बसली होती, प्रत्येक ठिकाणी आवाज कसा येतोय ते एक ते पाच आकड्यांत लिहीत होती. पुढच्या वर्षी तिला बारा पूर्ण होतील, थिअरीचं पुस्तक तिने माझ्याकडून आत्ताच घेऊन ठेवलंय.