4.70 ला अडकलेला गोळा

पोलीस भरतीच्या ग्राउंडला मुलींसाठी 800 मीटर, 100 मीटर धावणं आणि गोळाफेक असे मिळून 50 मार्क असतात. गोळा 4 किलोचा, आणि तो 6 मीटर पार गेला की 15 पैकी 15. माझं धावणं चांगलं होतं. गोळा मात्र चार महिने 4.70 मीटरच्या आसपास अडकून बसला होता.

आमचं गाव अमळनेर तालुक्यात. कापूस उपटून नांगरलेल्या वावरात मी प्रॅक्टिस करायचे, कारण तिथे गोळा पडला की घरंगळत जात नाही. अकॅडमीत एकच उत्तर मिळायचं, "ताकद कमी पडते, डिप्स मार." मारल्या. मनगट सुजलं, गोळा होता तिथेच. आपल्यात तेवढा जोरच नाही असं मी मनाशी धरून बसले. माझ्याबरोबरच्या दोघींनी तर याच समजुतीने भरतीचा नाद सोडला, त्याची मला अजून हळहळ वाटते.

गावात एक निवृत्त क्रीडाशिक्षक आहेत, आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो. एका सकाळी ते बांधावर थांबले, माझ्या पाच-सहा फेकी पाहिल्या. मग जवळ येऊन त्यांनी गोळ्याकडे नाही, माझ्या पायाखाली पाहिलं. उजवा पाय ढेकळात चार बोटं रुतलेला.

"बेटा, गोया हातथी नही, पायथी जास," नाना अहिराणीत म्हणाले. "आनि तुना पाय त मातीमा जाई ऱ्हायना." म्हणजे गोळा हाताने नाही, पायाने जातो, आणि तुझा पाय तर मातीत जातोय.

न्यूटनचा तिसरा नियम मी शाळेत पाठ केला होता, पण तो माझ्या टाचेखाली आहे हे तेव्हा कळलं. पायाने जमिनीला मागे-खाली रेटायचं, मग जमीन आपल्याला वर-पुढे रेटते. नांगरलेली काळी माती आधी दबते, त्यामुळे माझी अर्धी मेहनत ढेकळं दाबण्यात जात होती. दुसऱ्या दिवशी खळ्याच्या टणक जमिनीवर तीच फेक केली, टेप लावला, 4.95. अंगात काही वाढलेलं नव्हतं, फक्त जागा बदलली होती.

पुढचा धडा घरातच मिळाला. आबा दादरीचं, म्हणजे ज्वारीचं, पोतं ट्रॉलीत टाकतात ते मी लहानपणापासून बघतेय. त्या दिवशी नीट पाहिलं. पोतं आधी मांडीवर येतं, गुडघे सरळ होताना कंबर वळते, मग खांदा, आणि हात सगळ्यात शेवटी. मधे कुठे थांबणं नाही. हाताने उचलायचं म्हटलं तर आबांनाही ते पोतं जड जाईल.

नानांनी मोबाइलवर माझा स्लो मोशन व्हिडिओ काढला. त्यात माझा हात आधी सुटत होता आणि कंबर नंतर वळत होती. म्हणजे पायांचा रेटा खांद्यापर्यंत पोहोचेस्तोवर गोळा हातातून गेलेला. शिवाय गोळा मानेपासून सुटून मागे पडत होता, मी तो ढकलत नव्हते, दगडासारखा भिरकावत होते. मनगट त्यानेच सुजलं होतं. नियमाप्रमाणेही तो फाऊलच.

अकरावीचं फिजिक्सचं पुस्तक काढून मी हिशोब मांडला, आणि हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. माझ्या उंचीला गोळा जमिनीपासून साधारण 1.7 मीटरवर सुटतो. सेकंदाला 5.7 मीटर वेगाने सुटला तर तो 4.70 च्या जवळपास पडतो. 6.7 ने सुटला तर 6 मीटरवर. वेगात सेकंदाला एका मीटरची भर, एवढंच हवं होतं. वेग वाढवायचा तर जोर वाढवा किंवा तोच जोर जास्त अंतरभर लावा. नुसता हात मानेपासून सरळ होईपर्यंत 60 सेंटीमीटर मिळतात, त्यात 6.7 चा वेग आणायला जवळपास 18 किलोचा रेटा लागतो. गुडघे वाकवून, वजन मागच्या पायावर घेऊन सुरुवात केली की वाट दुप्पट होते आणि साधारण 10 किलोचा रेटा पुरतो. डिप्सने जे मिळत नव्हतं ते गुडघे वाकवून मिळालं.

कोनाचंही असंच. पुस्तकात 45 अंश लिहिलेलं असतं, पण ते जिथून सोडलं त्याच पातळीवर पडणाऱ्या वस्तूसाठी. गोळा खांद्याच्या वरून सुटून जमिनीवर पडतो, म्हणून आमच्यासारख्यांच्या वेगाला 37 अंशांच्या आसपासचा कोन चांगला. 45 ने टाकला तर पंधराएक सेंटीमीटर जातात. मी आभाळाकडे बघून टाकायचे, नानांनी समोरच्या लिंबाची मधली फांदी दाखवून दिली.

राहिला डावा पाय. सुटायच्या क्षणी तो खुंट्यासारखा ताठ हवा. पुढे चाललेलं शरीर तिथे अडलं की वरचा भाग झपकन पुढे येतो आणि तो वेग गोळ्याला मिळतो. गुडघा नमला तर वेगही जातो, उंचीही. हे मला सगळ्यात उशिरा जमलं. मे महिन्यात आमच्याकडे सकाळी आठलाच ऊन चावायला लागतं, म्हणून पाचला खळ्यावर जायचं आणि गोळा न घेता फक्त डावा पाय रोवायचा. रोज पन्नास वेळा.

जळगावला ग्राउंडच्या दिवशी पहिल्या फेकीला पाय रिंगणाबाहेर गेला, फाऊल. दुसरी 5.74. शेवटची 5.91. पूर्ण मार्क नऊ सेंटीमीटरने हुकले, आणि ते कुठे गेले हे मला टेप लावायच्या आधीच कळलं होतं: डावा गुडघा नमला होता.

लेखीचा निकाल यायचा आहे. खळ्यावर सध्या आम्ही तिघी असतो, नाद सोडलेल्या त्या दोघी परत आल्यात. त्यातल्या एकीचा काल पहिल्यांदा 5 मीटर पार गेला.