दुम्मु दिसला तेव्हा

मामाच्या छातीचा एक्स-रे आमच्या घरात लोखंडी पेटीत अजून आहे, आईच्या लग्नातल्या शालूखाली. मामानं कर्नाटकात इलकलला ग्रॅनाइटच्या खाणीत 11 वर्षं भोकं मारली. सोलापूरला परत आला तेव्हा पाण्याची एक घागर आणली की अर्धा तास उंबऱ्यावर बसून राहायचा. टीबी म्हणून औषधं सुरू झाली. एक कोर्स संपला, दुसरा लागला. थुंकीत जंतू एकदाही सापडले नाहीत. "काम काय करत होता?" एवढं कुणी विचारेपर्यंत मामाला एक वाक्य बोलताना दोनदा थांबून ऊपिरी गोळा करावी लागत होती. आमच्या वडारी घरात श्वासाला ऊपिरी म्हणतात आणि धुरळ्याला दुम्मु. रोगाचं नाव मात्र इंग्रजीतूनच कळलं, सिलिकोसिस, म्हणजे दगडातल्या सिलिकाचा बारीक धुरळा छातीत बसून होणारा फुप्फुसाचा रोग.

मी आता तुळजापूर रस्त्याच्या बाजूला एका दगडखाणीवर मेट आहे. कामगार भोक मारायला उभे राहण्याआधी खडकाची पायरी, तडे, वरचे सुटे दगड बघायचे आणि धोका दिसला तर काम थांबवायचं, हे माझं काम. त्यासाठी धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाची परीक्षा द्यावी लागते. अभ्यास करताना मला सुरुंगाचं प्रकरण सगळ्यात जास्त पटलं. फुटून गेलेल्या सुरुंगाचं जे बूड खडकात उरतं, त्यात परत कधीच भोक मारायचं नाही. तळाला जिलेटिनचा न फुटलेला तुकडा राहिलेला असू शकतो. पण नवीन पोरं नेमकं तिथंच ड्रिल लावतात, कारण भोक आयतं असतं, टोक सरकत नाही, घाम वाचतो. म्हणून सकाळी पहिल्यांदा मी गेरू घेऊन फिरतो आणि अशा प्रत्येक बुडाशेजारी मोठी फुली मारतो. ज्याला वाचता येत नाही त्यालाही फुली कळते.

सुरुंगाची भीती मात्र कुणाला शिकवावी लागत नाही. शिट्टी वाजली, लाल झेंडा दिसला की सगळे पळतात. दुम्मुचं तसं नाही. ड्रिलजवळ जो ढग दिसतो, त्यातला जाड भाग नाकाघशातच अडकतो. फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतो तो कण साधारण 4 मायक्रॉनच्या आतला. माणसाचा केस जवळपास 70 मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा. तो डोळ्याला दिसत नाही आणि तोंडाला गुंडाळलेल्या टॉवेलनं अडतही नाही.

आमचे मालक म्हणायचे, "आपला दगड काळा, त्यात कुठली सिलिका?" त्यांचं अर्धं खरं आहे. दख्खनचा काळा पाषाण बेसाल्ट आहे, त्यात मोकळी सिलिका फारच कमी. ग्रॅनाइट म्हणायचं तरी त्यात क्वार्ट्झ, म्हणजे मोकळी सिलिकाच, 20 टक्क्यांच्या वर लागतं. पण काळ्या दगडाचा बारीक धुरळाही वर्षानुवर्षं छातीत गेला तर दम लावतोच. आणि आमची माणसं एका खाणीला बांधलेली नाहीत. आज इथं खडी फोडणारा दिवाळीनंतर इलकलला जातो. इथली सवय तो तिथं घेऊन जातो.

मागच्या वर्षी मी अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेच्या एका साधनाबद्दल वाचलं, हेल्मेट-कॅम. कामगाराच्या हेल्मेटवर छोटा कॅमेरा आणि अंगावर धुरळा मोजणारं यंत्र. पाळी संपली की इव्हेड नावाच्या त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओ आणि धुरळ्याचा आलेख शेजारी शेजारी चालतात, म्हणजे नेमकं कोणतं काम करताना आकडा वर उसळला ते समोर दिसतं. त्यांना असंही आढळलं की कित्येकदा धुरळा यंत्रातून नाही, माणसाच्या मळलेल्या कपड्यांतूनच त्याच्या नाकाशी येतो. ते वाचून मी बराच वेळ तसाच बसलो. मामा इलकलहून घरी यायचा तो त्याच कपड्यांनी आणि आम्ही पोरं त्याच्या मांडीवर चढायचो.

असलं यंत्र आमच्या खाणीवर कुठून येणार? पण अंधाऱ्या खोलीत कवडशात धूळ नाचताना आपण सगळ्यांनी बघितली आहे. उजेड धुरळ्याच्या मागून आला की तो चमकतो. गड्ड्याची जत्रा उरकल्यावरचे दिवस, सहाच्या सुमाराला उजेड उतरत होता. भाच्याला जोरदार टॉर्च घेऊन कामगारांच्या मागं उभं केलं. टॉर्चचा उजेड थेट कॅमेऱ्यात घुसू नये म्हणून मधे पत्र्याचा तुकडा धरला आणि समोरून मोबाईलवर शूटिंग केलं. कोरडं ड्रिल, क्रशरची जाळी, डंपरमध्ये पडणारी खडी, तिन्ही घेतलं. ड्रिलच्या तोंडाशी धुरळा चमकला, ते अपेक्षितच होतं.

मग सुट्टी झाली. रोजच्यासारखे सगळे कंप्रेसरजवळ जमले आणि पाइप धरून अंगावरचे कपडे हवेनं झटकू लागले. आमच्याकडे याला अंघोळच म्हणतात. मी सहज कॅमेरा तिकडं वळवला. स्क्रीनवर माणूसच दिसेना. डोक्यापासून गुडघ्यापर्यंत नुसती चांदी, आणि तोंडावरचा टॉवेल तर प्रत्येकानं आधीच सोडलेला, कारण काम संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत लिंबाखाली ते सगळ्यांना दाखवलं. कडक भाकरी मोडायची थांबली. क्रशरवर पाट्या टाकणारी एक अक्का पुन्हा पुन्हा व्हिडिओ मागं नेत होती. शेवटी म्हणाली, "अण्णा, ह्याच लुगड्यानं मी लेकराला पाजते की ओ."

त्या आठवड्यात पाइपच्या टोकाची तोटी मी काढून कपाटात ठेवली. दाबाची हवा तशीही अंगावर घेऊ नये, डोळ्यात किंवा जखमेत घुसली तर वेगळंच संकट. पाण्याचे दोन ड्रम, पत्र्याच्या दोन खोल्या, एक बायकांना, एक पुरुषांना. कामाचे कपडे तिथंच उतरवायचे, तिथंच भिजवायचे. मालकांनी पत्रा दिला. बायकांनी हे लगेच उचललं. पुरुषांना दोन महिने लागले.

ड्रिलचं काम अवघड निघालं. ड्रिलच्या दांड्यातून पाणी सोडून भोक मारलं की धुरळा उडायच्या आधीच चिखल होतो. यापेक्षा चांगला उपाय मला माहीत नाही. मास्क त्याच्यानंतर. पण चिखल पायाशी साचतो, पोरं घसरतात, पाण्याचा टँकर वेगळा लागतो. दोनपैकी एका ड्रिलला पाणी लागलंय. मास्क एन-95 ठेवतो, मात्र दाढी वाढलेली असली तर तो चेहऱ्याला चिकटत नाही आणि कडेनं सगळं आत जातं, हे मी रोज सांगतो. मे महिन्यात पारा 43 च्या पुढं गेला की मास्क कुणी टिकवत नाही, त्यांना मी दोष देत नाही. तेव्हा कामाची वेळ पहाटे सरकवतो आणि दर 15-20 मिनिटांनी पेलाभर पाणी प्यायला लावतो. एकदम तांब्याभर प्यायचं आणि मग दोन तास कोरडं राहायचं, हे बंद केलंय.

प्रशिक्षणाची कागदं येतात ती इंग्रजीत किंवा हिंदीत. 'श्वसनीय धूलि' वाचून आमच्या लोकांना काय कळणार? मी सासूबाईंना सोबत घेऊन वडारीत दोन-दोन मिनिटांचे व्हॉइस मेसेज केले, ऊपिरीत जाणारा दुम्मु म्हणजे काय, ते. त्यांचा आवाज वस्तीतल्या सगळ्यांना माहीत आहे. ते मेसेज आता इलकलपर्यंत पोचलेत.

एका मेसेजमध्ये फक्त कागदाबद्दल सांगितलंय. सिलिकोसिस हा कामगार भरपाईच्या कायद्यात व्यवसायजन्य रोग, म्हणजे कामामुळं होणारा रोग, म्हणून धरलेला आहे. पण मामाकडे 11 वर्षांचा एकही पुरावा नव्हता, ना हजेरीकार्ड, ना पगाराची चिठ्ठी. भरपाईचं दार त्याच्यासाठी तिथंच बंद झालं. म्हणून दर महिन्याला हजेरीच्या पानाचा मोबाईलवर फोटो काढा, मुकादमाचं नाव, खाणीचं नाव, तारीख लिहून ठेवा. आणि डॉक्टरकडे गेल्यावर त्यांनी विचारायची वाट बघू नका. आधी सांगा, मी दगडात काम करतो, इतकी वर्षं.

दुसरं ड्रिल अजून कोरडंच चालतंय. पाइप आणि जोडणी मी स्वतः आणून ठेवली आहे, टँकरचं पाणी ठरलं की लावायचं. ते ड्रिल धरणारा पोरगा 23 वर्षांचा आहे, गेले 2 महिने त्याला खोकला आहे. गुरुवारी सुट्टी घेऊन त्याला छातीच्या एक्स-रेला नेतोय. पेटीतला मामाचा एक्स-रेही सोबत घेणार आहे, डॉक्टरांना दाखवायला.