हार्फबझच्या बिल्डमधून फ्रीटाइप गुपचूप वगळले जाते तेव्हा

मराठी अहवालांच्या पीडीएफ तयार करणाऱ्या एका प्रणालीसाठी मी हार्फबझ ही मुक्त-स्रोत लायब्ररी सोर्समधून बिल्ड करतो, म्हणजे तिच्या मूळ कोडपासून वापरण्याजोगी लायब्ररी तयार करतो. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड आणि लिबरऑफिस यांमध्ये देवनागरीची जोडाक्षरे, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी आपापल्या जागी बसवण्याचे काम हीच लायब्ररी करते. तिच्या बिल्डमध्ये नुकतीच आलेली एक अडचण आणि तिचा उलगडा येथे सविस्तर मांडत आहे, कारण तिचे मूळ हार्फबझच्या कोडमध्ये नसून मेसन या बिल्ड साधनाच्या कॉन्फिगरेशनमध्ये आहे.

लक्षण असे होते की हार्फबझ कोणत्याही तक्रारीविना बिल्ड आणि इन्स्टॉल झाली, पण तिच्यावर आधारलेला आमचा प्रोग्राम लिंक करताना, म्हणजे त्याचे तयार भाग लायब्ररीशी जोडताना, 'एचबी_एफटी_फाँट_क्रिएट' हे फंक्शन सापडत नसल्याची त्रुटी लिंकर देऊ लागला. फंक्शनची घोषणा असलेली हेडर फाइल जागेवर होती आणि कंपाइलरला काहीही आक्षेप नव्हता. हेच कॉन्फिगरेशन माझ्या लॅपटॉपवर मात्र व्यवस्थित चालत होते.

हे फंक्शन हार्फबझला फ्रीटाइप या, फाँट वाचून अक्षरांच्या आकृत्या काढणाऱ्या लायब्ररीशी जोडणाऱ्या भागातले आहे आणि फ्रीटाइप सापडले तरच तो भाग बिल्डमध्ये घेतला जातो. मेसनमध्ये अशा ऐच्छिक भागांना 'एनेबल्ड', 'डिसेबल्ड' आणि 'ऑटो' अशी तीन मूल्ये देता येतात. हार्फबझमध्ये फ्रीटाइपचे मूळ मूल्य 'ऑटो' आहे. म्हणजे डिपेंडन्सी (बिल्डला लागणारी दुसरी लायब्ररी) सापडली तर घ्यायची, नाही तर ती सोडून पुढे जायचे. कॉन्फिगरेशनच्या शेवटी मेसन जो सारांश छापते, त्यात 'फाँट कॉलबॅक्स' या शीर्षकाखाली फ्रीटाइपच्या ओळीपुढे 'नो' लिहिलेले होते, परंतु स्वयंचलित बिल्डच्या लांबलचक लॉगमध्ये ही एक ओळ कोणाच्या नजरेस पडणार? जुने हेडर आधीच्या इन्स्टॉलेशनमधून त्याच डिरेक्टरीत राहिले होते, कारण नवे इन्स्टॉलेशन जुन्या फाइली आपणहून काढत नाही. त्यामुळे त्रुटी कंपाइलच्या टप्प्यावर न येता लिंकपर्यंत लांबली. अक्षररचनेच्या चाचण्यांनीही काही सुचवले नाही. हार्फबझकडे ओपनटाइप फाँट वाचण्याची स्वतःची सोय असल्यामुळे 'तऱ्हा' किंवा 'कीर्ती' यांची रचना फ्रीटाइपशिवायही अचूक होते.

मग फ्रीटाइप का सापडले नाही? आम्ही फ्रीटाइपचे बिल्ड ऑटोटूल्स या जुन्या बिल्ड साधनांवरून मेसनवर आणले होते आणि त्यासाठी नवी, रिकामी डिरेक्टरी केली होती. ऑटोटूल्स लायब्ररी 'लिब' डिरेक्टरीत ठेवते. डेबियनवर आधारलेल्या कंटेनरमध्ये मेसन मात्र ती 'लिब'च्या आतील, प्रोसेसरच्या नावाने असलेल्या उपडिरेक्टरीत ठेवते आणि इन्स्टॉल केलेल्या लायब्ररी शोधून देणाऱ्या पीकेजी-कॉन्फिग या साधनाची वर्णन-फाइलही तिच्याबरोबर तिकडेच जाते. आमचा पीकेजी-कॉन्फिगचा शोधमार्ग अजून जुन्या जागेकडेच बोट दाखवत होता. अशा वेळी हार्फबझ शेवटचा उपाय म्हणून फ्रीटाइपचा सोर्स स्वतः उतरवून घेऊ शकते, पण आमच्या सर्व्हरवर असे डाउनलोड मुद्दाम बंद ठेवलेले आहे. ते चालू असते तर कोणालाही न कळता फ्रीटाइपची भलतीच आवृत्ती बिल्डमध्ये आली असती, आणि माझ्या मते ते अधिक वाईट ठरले असते.

शोध घेताना आवृत्तीच्या आकड्यांनी गोंधळून जाऊ नये. फ्रीटाइप २.१०.४ ची आवृत्ती पीकेजी-कॉन्फिगला विचारली तर ते २३.४.१७ असे उत्तर देते, कारण त्या फाइलमध्ये लिबटूल या ऑटोटूल्समधील साधनाचा वेगळा क्रमांक असतो. हार्फबझची किमान अटही त्यामुळेच पीकेजी-कॉन्फिगसाठी १२.०.६ आणि सीमेक या दुसऱ्या बिल्ड साधनासाठी २.४.२ अशी दोन प्रकारे लिहिलेली आहे.

दुरुस्ती म्हणून फ्रीटाइपच्या बिल्डमध्ये लायब्ररीची जागा ठरवणारा 'लिबडिर' हा पर्याय स्पष्टपणे 'लिब' असा दिला आणि हार्फबझमध्ये फ्रीटाइपचे मूल्य 'एनेबल्ड' केले. आता डिपेंडन्सी सापडली नाही तर कॉन्फिगरेशन तिथल्या तिथे थांबते. शोधमार्ग नंतर बदलून जुन्याच बिल्ड डिरेक्टरीत पुन्हा कॉन्फिगर केल्यास बदल लागू होत नाही, कारण मेसन तो मार्ग पहिल्या सेटअपच्या वेळी नोंदवून ठेवते. म्हणून ती डिरेक्टरी काढून नव्याने सेटअप करणेच इष्ट. नेमके काय झाले हे पाहायचे असेल तर बिल्ड डिरेक्टरीतील मेसनच्या लॉग-फाइलमध्ये प्रत्येक शोधाची नोंद मिळते.

आणखी एक गुंता उरतो. हार्फबझला जसे फ्रीटाइप हवे असते, तसेच फ्रीटाइपच्या ऑटो-हिंटरलाही (लहान आकारात अक्षरे स्पष्ट दिसावीत म्हणून त्यांच्या आकृत्या आपोआप जुळवणाऱ्या भागालाही) हार्फबझ हवे असते, कारण जोडाक्षरांची बहुतेक चिन्हे फाँटच्या कॅरॅक्टर मॅपमधून (कोणत्या अक्षराला कोणते चिन्ह हे सांगणाऱ्या तक्त्यातून) थेट मिळत नाहीत, ती ओपनटाइपच्या नियमांतून शोधावी लागतात. त्यामुळे आधी हार्फबझशिवाय फ्रीटाइप, मग हार्फबझ आणि त्यानंतर हार्फबझसह पुन्हा फ्रीटाइप असा क्रम आमच्या स्क्रिप्टमध्ये आता लिहिलेला आहे, आणि या तिन्ही टप्प्यांत ऐच्छिक भागांपैकी एकही 'ऑटो'वर सोडलेला नाही.