सोपारीची माई

२९ मार्च २०२४, गुड फ्रायडे
सॅन फर्नांडो, त्रिनिदाद

पहाटे घरी पोहोचलो तेव्हा हातांना ऑलिव्ह तेलाचा वास येत होता आणि सदऱ्यावर मेणाचे डाग पडले होते. झोप येईना, म्हणून काल रात्रीचे विस्मरण होण्यापूर्वी लिहून ठेवतो.

नोकरीच्या निमित्ताने या बेटावर आल्याला हे दुसरे वर्ष. गेल्या वर्षी सिपारियाला जायचे राहून गेले होते. या वेळी शेजारच्या आजींनी आठवडाभर आधीच बजावले होते की गुरुवारी संध्याकाळी लवकर जेवून तयार राहायचे. (वडिलांच्या आईला इथेही ‘आजी’च म्हणतात, आणि त्यांना सारी गल्ली त्याच नावाने ओळखते.) सिपारिया इथून दक्षिणेला आहे. अठराव्या शतकात स्पेनमधून आलेल्या कापुचिन पाद्र्यांनी तिथे मिशन स्थापन केले. तिथल्या कॅथलिक चर्चमध्ये ‘ला दिविना पास्तोरा’ची, म्हणजे दैवी धनगरणीची, लहानशी सावळी मूर्ती आहे. कॅथलिकांसाठी ती येशूची आई मरिया. ऊसमळ्यांवर राबायला आलेल्या गिरमिटियांनी, म्हणजे भारतातून करारावर आणलेल्या मजुरांनी, मात्र तिला ‘सोपारी के माई’ म्हटले. सिपारिया या गावाच्या नावाचेच ते रूप असावे, पण मराठी कानाला त्यात आधी सुपारी ऐकू येते आणि पूजेचे ताट डोळ्यांपुढे उभे राहते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हिंदू लोक पवित्र गुरुवारच्या रात्री आणि गुड फ्रायडेला तिच्या दर्शनाला येत आले आहेत. हाच दिवस का, याचे मला पटलेले उत्तर अगदी साधे आहे. गुड फ्रायडेला मळ्याला सुट्टी असे, आणि चैत्रातले नवरात्रही त्याच सुमारास येते. ख्रिस्ती पंचांगातला सर्वांत शोकाकुल दिवस मजुरांच्या वाट्याला मोकळा दिवस म्हणून आला आणि त्यांनी तो देवीला दिला.

चर्चमध्ये पवित्र सप्ताहाच्या उपासना चालू असतात, म्हणून या दोन दिवसांपुरती मूर्ती शेजारच्या सभागृहात ठेवतात. रांग रस्त्यापर्यंत आली होती. लोकांच्या हातांत तेलाच्या बाटल्या, तांदूळ, फुले, मेणबत्त्या होत्या, आणि रांगेच्या कडेला दान मागणारे बसले होते. आवारात न्हावी तान्ह्या मुलांची जावळे काढत होते. एक बाळ असे किंचाळत होते की त्याच्या आईलाही रडू आवरेना, आणि त्याचा बाप मात्र मोबाइल उंच धरून सारे टिपण्यात गुंतला होता. पुरोहित कुठे दिसला नाही. मूर्तीपुढे आल्यावर प्रत्येक जण आपापल्या शब्दांत काहीतरी पुटपुटत होता, काही जण नुसतेच पाय धरून उभे होते. कोणाला ती दुर्गा होती, कोणाला काली, कोणाला लक्ष्मी. मी आजींना विचारले की तुमच्यासाठी ती कोण. त्यांना प्रश्नच कळला नसावा. “माई,” त्या म्हणाल्या आणि पुढे सरकल्या.

इथे कोणी या सगळ्याचे कौतुक करू लागले की ‘धर्मांचा संगम’ हा शब्द हमखास येतो. कालच्या रात्रीला तो मला लागू पडेना, कारण संगमात दोन्ही पाणी एक होते आणि इथे कोणी कोणात मिसळलेले नव्हते. कॅथलिकांचा तिचा मुख्य सण ईस्टरनंतरच्या दुसऱ्या रविवारी असतो. त्या दिवशी मिरवणूक त्यांची, प्रार्थना त्यांच्या. दोन्ही समाजांनी माई वाटून घेतली नाही, तिचे दिवस वाटून घेतले. पूर्वी व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीच्या मुखाकडून वाराव आदिवासीही मधले आखात ओलांडून तिच्या दर्शनाला येत. हे सारे नेहमी सुखाने चालले असेल असेही नाही. आपली देवळे असताना चर्चमध्ये कशाला जायचे, असे म्हणणारे आजींच्या घरातच आहेत.

काल रांगेत उभा असताना मनाने मी गोव्यातल्या म्हापशात होतो. आम्ही बांद्याचे. लहानपणी आई दर वर्षी मिलाग्रीस सायबिणीच्या, म्हणजे तिथल्या चर्चमधल्या मरियेच्या, फेस्ताला नेई, आणि तिथेही हातात तेलच असे. सायबीण ही मूळची मिराबाई, शिरगावच्या लईराई देवीची बहीण, सात बहिणींतली एक, असे आमच्याकडे मानतात, आणि या दोघी बहिणींमध्ये तेला-फुलांची देवघेव चालते. आता पंचांग पाहिले तर सिपारियाचा सण १४ एप्रिलला आणि म्हापशाचे फेस्त १५ एप्रिलला, लागोपाठ. दोन्ही तिथी ईस्टरवरूनच मोजतात, तेव्हा यात चमत्कार काही नाही, तरी मला बराच वेळ हसू येत राहिले.

हा आठवडाच विलक्षण गेला. चार दिवसांपूर्वी फगवा, म्हणजे इथली होळी, झाला आणि माझ्या नखांतला रंग अजून निघालेला नाही. कार्यालयातल्या मुस्लिम सहकाऱ्यांचे रोजे चालू आहेत. आज कोपऱ्यावर मुलांनी ‘बोबोली’ मांडला आहे, म्हणजे जुन्या कपड्यांत चिंध्या भरून केलेला, येशूला दगा देणाऱ्या यहूदाचा पुतळा, आणि येणारा-जाणारा त्याला काठीने बडवतो आहे. उद्या स्पिरिच्युअल बॅप्टिस्ट या आफ्रिकी वळणाच्या ख्रिस्ती पंथाची सुट्टी. त्यांच्या उपासनेवर १९१७ साली कायद्याने बंदी आली होती, ती ३० मार्च १९५१ रोजी उठली, आणि १९९६ पासून त्या दिवशी साऱ्या देशाला सुट्टी असते. एकाच बेटावर एका पंथाला माईच्या दारी कायद्याने अडवले नाही आणि दुसऱ्याला स्वतःच्याच घरात टाळ्या वाजवून गाण्यासाठी तुरुंगाची भीती बाळगावी लागली, हे मला एकत्र बसवता येत नाही.

सकाळी आईला फोन केला आणि सगळे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले, आणि मग फक्त एवढेच विचारले की तेल कसले होते. ऑलिव्हचे, असे सांगितल्यावर ती जरा थांबून म्हणाली, “खोबरेल मिळत नाही का रे तिथे?” मिळते. १४ तारखेला आजींबरोबर पुन्हा जायचे ठरले आहे, तेव्हा बाजारातून एक बाटली आणून ठेवतो.